निबंधमाला, महिना तिसरा

रोज दहा पानांचा बेत होता, होतात जेमतेम चार. 'निबंधमाला' म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकरांचं निबंधांचं मासिक, आणि त्यातलं एकेक वाक्य इतकं लांबतं की क्रियापदापाशी पोचेपर्यंत कर्ता विसरलेला असतो. मोठ्यानं वाचायला लागलो तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. ही वाक्यं डोळ्यांसाठी नाहीतच, फडातल्या वक्त्याची आहेत. श्वास कुठे घ्यायचा ते कानाला कळतं.

'लोकभ्रम' हा निबंध मजेत संपला. 'विद्वत्त्व आणि कवित्व' वाचताना इंग्रज निबंधकार मेकॉले सारखा डोकावत राहिला. 'डॉ. जॉन्सन' रेंगाळला, थोडा गाळलाही.

मग जोतीराव फुल्यांवरची पानं आली आणि पुस्तक दोन दिवस मिटून ठेवलं. फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ची, माला १८७४मध्ये सुरू झाली. पुस्तकातल्या प्रश्नाला भिडायचं सोडून शास्त्रीबुवा लिहिणाऱ्याचं व्याकरण काढतात, त्याची टर उडवतात. विरोध असता तर वाचला असता. मराठीत काय ताकद आहे हे दाखवायला ज्यानं अख्खं मासिक चालवलं, त्याला समोरच्या मराठीतली ताकद ऐकूच येऊ नये, हे खटकलं. मुद्दाम शेजारी 'गुलामगिरी' उघडली. धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात, आणि पानं भराभर उलटतात. पेन्सिल लागते ती शास्त्रीबुवांना.

आता खरी पंचाईत. त्याच खवचट पानांवर दोन ठिकाणी मला हसू आलं होतं. समासात तशी खूणही आहे. खोडणार होतो, ठेवली.

मालेला सुरुवात केली तेव्हा शास्त्रीबुवा तेवीस वर्षांचे होते आणि १८८२मध्ये बत्तिशी गाठण्याआधीच गेले. मधल्या काळात ८४ अंक काढले, सरकारी नोकरी सोडली, शाळा काढली, 'केसरी'च्या उभारणीत होते. वय लक्षात घेतलं की तो चढा सूर समजतो. पटत नाही, पण समजतो. आणि गद्याचा हेवा वाटायचा थांबत नाही, याचाही थोडा रागच येतो.

शेवटचा 'आमच्या देशाची स्थिती' बाकी आहे. तो एकटा वाचणार नाही. जवळपास त्याच काळातला फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' सोबत घेतोय, एक दिवस हा, एक दिवस तो. दोन्ही मोठ्यानं. पानांचा हिशेब चारवरच ठेवलाय.