खातं लेकीचं, सही माझी, पैसे काढायचे नाहीत

लेकीला इथे कॅलिफोर्नियात, बरबँक गावात, एका जाहिरातीत दिवसभराचं काम मिळालं. सोफ्यावर उड्या मारायच्या. म्हणजे घरी जे ओरडा खाऊन करते, तेच. मिरजेला फोन झाला, आईने पेढेही वाटले. दुसऱ्या दिवशी निरोप आला: मुलीचं 'कूगन खातं' काढलंय का? नंबर कळवा.

दोन बँकांनी परत पाठवलं, असलं खातं काढत नाही म्हणून. तिसरीतल्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला आणि एका ओळीवर पेन टेकवलं. पैसे भरता येतील, काढता येणार नाहीत. ती अठराची झाली की तीच काढेल. विश्वस्त मी, सही माझी, आणि एका डॉलरला हात लावायचा नाही! कुणीतरी तोंडावर चोर म्हटल्यासारखं झालं. सही केली, पण अक्षर वाकडंच आलं.

घरी येऊन हा कूगन कोण ते शोधलं. जॅकी कूगन, 1921 च्या 'द किड'मधलं चॅप्लिनसोबतचं ते मोठ्या टोपीचं पोर. लहानपणीच त्याने अंदाजे 30 ते 40 लाख डॉलर कमावले, तेही त्या काळातले. खाऊला मिळायचे आठवड्याला सव्वासहा. 1935 मध्ये वडील मोटार अपघातात गेले आणि आईने पैशांचे व्यवहार बघणाऱ्या माणसाशीच लग्न केलं. फरचे कोट, हिरे, मोटारी. पोराने आपले पैसे मागितले, तर कायदा आईच्या बाजूने: अल्पवयीन मुलाची कमाई आईबापांची. 1938 मध्ये तो कोर्टात गेला, हाती लागले सुमारे 1,26,000. त्यावर एवढा गहजब झाला की 1939 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला. त्यालाही पळवाटा होत्याच. 2000 पासून मात्र कमाई मुलाचीच, आणि तिच्यातले 15 टक्के कुलुपात.

हॉलिवूडची दुसरी बालतारका शर्ली टेंपल, तिचे वडील तर बँकेतले. लग्नानंतर तिने हिशेब पाहिला: कमाई 32 लाख, शिल्लक 44 हजार. तिने काही वडिलांना कोर्टात खेचलं नाही. हे वाचून मला जरा बरं वाटलं.



आणि हो, आपल्याकडेही नियम आहे! 2017 चा. बालकलाकाराच्या कमाईतले किमान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत, त्याच्याच नावावर. म्हणजे आपण पाच टक्के पुढेच. "पाळतं कोण?" हे नवऱ्याचं. मी ऐकलंच नाही.

माझ्या चौथीच्या स्कॉलरशिपचे पैसे, वाढदिवसाची पाकिटं, सगळं आईकडे. "मोठी झालीस की देते." त्यातून स्वयंपाकघराचा ओटा झाला. पण त्याच ओट्यावर माझे डबे भरले गेले, दहावीपर्यंत. मी काय खटला भरू? घरातलं माझं-तुझं असं टक्क्यांत मोजायला आम्हाला कुणी शिकवलं नाही, आणि त्यात आमचं काही बिघडलं असंही नाही.

रात्री लेकीला खात्याचं समजावून सांगितलं. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, "आणि निघताना आजीने मला दिलेली पाचशेची नोट?"

ती माझ्या पर्समध्येच आहे. म्हणजे, होती. मुंबईला विमानतळावर टॅक्सीवाल्याला दिली.