टेम्पो यायच्या आधी: भाड्याच्या घरातले ढेकूण, झुरळं आणि ओल

भाड्याचं घर बघताना लोक हॉलचा आकार, खिडकीतला उजेड आणि पार्किंग बघतात. ओट्याखालची ट्रॉली कोणी बाहेर ओढून बघत नाही. मग सामान आत येतं, गाद्या पडतात, डबे लागतात आणि पहिल्याच आठवड्यात घरमालकाशी वाद सुरू होतो: हे आधीपासून होतं की तुमच्या सामानातून आलं? ज्याच्याकडे पुरावा नाही तो या वादात हरतो, आणि तो बहुतेक वेळा भाड्याने राहणाराच असतो. म्हणून किल्ली मिळाल्यावर आणि टेम्पो यायच्या आधी पाऊण तास रिकाम्या घरात घालवा. टॉर्च, जुनं एटीएम कार्ड आणि पाण्याची बादली एवढं पुरतं. जे दिसेल त्याचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा.

सुरुवात मोरीपासून करा. घर दोन-तीन महिने बंद असेल तर नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यातलं, पाणी वाळून जातं. ड्रेनेज लाइन आणि तुमचं घर यांच्यामध्ये खरा अडसर असतो तो या दोन इंच पाण्याचाच. ते वाळलं की घाण वास येतो आणि मोठी तांबूस झुरळं सरळ लाइनमधून वर चढतात. तिथे फवारणी करून पैसे वाया जातात. प्रत्येक ट्रॅपमध्ये, बाल्कनीतल्या जाळीत आणि न वापरलेल्या कमोडमध्ये पाणी ओता. रोज पाणी घालूनही वास येत राहिला तर ट्रॅप फुटलेला आहे किंवा बसवलेलाच नाही, आणि ते काम मालकाचं. मग सिंकखाली वाका. तिथला लवचिक पाइप बऱ्याच घरांत जमिनीतल्या पाइपात नुसता खोचलेला असतो आणि भोवती बोटभर फट असते. रबरी कॉलर बसवून किंवा व्हाइट सिमेंट भरून ती बुजवा.

स्वयंपाकघरातली लहान झुरळं निराळी. फिकट तपकिरी, अर्ध्या इंचाची, डोक्यामागे दोन गडद रेघा. ही ड्रेनेजमधून येत नाहीत. ट्रॉलीच्या बिजागरीत, फ्रिजच्या मागे, मिक्सरच्या तळाशी राहतात. मादी अंड्यांची पिशवी पिल्लं बाहेर पडायची वेळ येईपर्यंत अंगाला चिकटवूनच फिरते, आणि एका पिशवीत 30-40 अंडी असतात. फवाऱ्याने समोर दिसलेली चार मरतात, फटीतली तशीच राहतात. इथे जेलच चालतं: फिप्रोनिल 0.05 टक्के किंवा इमिडाक्लोप्रिड 2.15 टक्के. आधी ओटा, शेगडीखालचा भाग आणि ट्रॉलीचे चॅनल गरम साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करा, कारण तेलाचे डाग असतील तर झुरळं जेलकडे वळत नाहीत. मग मसुराएवढे ठिपके बिजागऱ्यांत, सांध्यांत, फ्रिजमागे द्या. मोजके मोठे ठिपके देण्यापेक्षा पुष्कळ बारीक दिलेले बरे. आजूबाजूला स्प्रे मारू नका, खडूही ओढू नका. त्यामुळे झुरळं जेलपासून लांब पळतात. जेल खाल्लेलं झुरळ फटीत जाऊन मरतं, बाकीची ते खातात आणि मरतात, म्हणून फरक दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात. वाळलेले ठिपके बदला. घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर हे काम पुढे ढकलू नका. झुरळांच्या विष्ठेने आणि कातीने दमा बळावतो.

आता ढेकूण. फर्निश्ड फ्लॅट आणि पीजीमध्ये सगळ्यात जास्त मनस्ताप यांचा, आणि सगळ्यात जास्त चुकीचे उपायही यांच्यावरच होतात. ढेकणांमुळे रोग पसरतो असं सिद्ध झालेलं नाही, पण झोप जाते, खाजवून जखमा होतात. गादीच्या शिवणीत शाईच्या टिंबांसारखे काळे डाग, कागदासारखी फिकी कात आणि फटीत पांढरी बारीक अंडी या त्यांच्या खुणा. बॉक्स बेड असेल तर प्लाय उचलून खालच्या बाजूने बघा. स्क्रूची भोकं, सनमायकाचे सांधे, पलंगामागचा स्विचबोर्ड, पडद्याची पट्टी, सोफ्याच्या तळाचं कापड हे सगळं तपासा. फटीतून एटीएम कार्ड फिरवलं की आत लपलेलं बाहेर येतं.

ढेकूण सापडला की लोक दुसऱ्या खोलीत झोपायला जातात. तसं करू नका. ढेकूण माणसाच्या मागावर तिकडे जातात आणि एका खोलीचा प्रश्न दोन खोल्यांचा होतो. गादी उन्हात टाकूनही भागत नाही. वरचं कापड तापतं, ढेकूण खालच्या सावलीकडे सरकतात. कपडे आणि चादरी 60 अंशांच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा आणि लगेच पिशवीत बांधून ठेवा. गादीला चेनचं पूर्ण बंद कव्हर घाला आणि ते वर्षभर काढू नका. पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, चादर जमिनीला टेकू देऊ नका, पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या ठेवा. पाणी साबणाचंच हवं, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतील. बाजारातल्या बहुतेक फवाऱ्यांमध्ये पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक असतं आणि ढेकणांना त्याची बरीच सवय झाली आहे, म्हणून डबे रिकामे करूनही ते मरत नाहीत. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचंच, पण एका फेरीत काम होत नाही. अंड्यांवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही आणि ती आठ-दहा दिवसांत फुटतात. दुसरी फेरी 12 ते 15 दिवसांनी घ्यावीच लागते. पैसे ठरवताना दोन्ही फेऱ्यांचे मिळून ठरवा, आणि फवारणीनंतर भिंतीच्या कडा आठवडाभर पुसू नका.

पेस्ट कंट्रोलवाल्याकडे कृषी विभागाचा परवाना मागा आणि बिलावर औषधाचं नाव लिहून घ्या. कोणी गोळ्या ठेवतो म्हणाला तर दारातूनच परत पाठवा. धान्यात ठेवायच्या त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू निघतो. त्याला उतारा नाही. बंद खोलीतून तो फटींतून आणि डक्टमधून शेजारच्या घरात जातो, आणि ढेकणांसाठी ठेवलेल्या अशा गोळ्यांनी शेजारच्या घरातली झोपलेली मुलं दगावली आहेत. या गोळ्या घरगुती वापरासाठी विकायला बंदी आहे. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला, डोकं दुखून उलट्या होऊ लागल्या तर आधी सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, खिडक्या उघडत बसू नका, आणि हॉस्पिटलमध्ये गोळ्यांचं नाव सांगा.

उंदरांचं थोडक्यात: बोटाच्या जाडीच्या फटीतून लहान उंदीर आत शिरतो. फटीत स्टील वूल कोंबून वरून सिमेंट भरा. नुसता फोम ते कुरतडतात. गॅसची नळी आतून तारेची जाळी असलेली, नारिंगी सुरक्षा नळीच हवी. तिच्यावर छापलेली मुदत बघा.

ओल मात्र सावकाश बघण्यासारखी आहे, कारण नवीन रंगाखाली ती सहज लपते. भिंतीला हात लावा, टिचकी मारा. पोकळ आवाज आला, पुट्टी फुगलेली दिसली किंवा खालच्या पट्टीला पांढरं मीठ फुटलं असेल तर आत पाणी आहे. शंका असेल तर हातभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेप लावून दोन दिवस चिकटवा. थेंब प्लॅस्टिकच्या आत आले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेर आले तर खोलीतल्या दमट हवेतून. कारण कळल्याशिवाय बुरशीवर रंग मारून उपयोग नाही, पुढच्या पावसात ती परत येते. ती पुसताना ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो. गच्चीतून, पावसाने किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून येणारी गळती आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) सोसायटीने दुरुस्त करायची; फ्लॅटच्या आतल्या संडास-सिंकची त्या त्या सभासदाने. तुम्ही सभासद नाही, म्हणून सोसायटीला अर्ज मालकाच्याच नावाने जायला हवा. मजकूर तुम्ही तयार करून द्या, तो सही करेल.

एक गोष्ट कीटकांची नाही, पण तपासताना सोडू नका: बाथरूमच्या आत बसवलेला गॅस गिझर. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद बाथरूममध्ये माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. तो बाहेर हलवून मिळणार नसेल तर ते घर घेऊ नका.

कायद्याबद्दल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 नुसार मालकाने जागा राहण्याजोगी ठेवायची असते. नोटीस देऊन 15 दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण हे कलम भाडेकरूबद्दल बोलतं, आणि 11 महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा लायसन्सी, म्हणजे नुसती वापराची परवानगी मिळालेला असतो. त्याची व्याख्या त्याच कायद्यात वेगळी आहे. म्हणून या कलमावर विसंबू नका, करारातच लिहून घ्या. ऑनलाइन नोंदणीत इतर अटींची जागा असते, तिथे साध्या भाषेत असं घाला: ताब्यानंतर 30 दिवसांत ढेकूण, झुरळं किंवा वाळवी आढळल्यास उपचाराचा खर्च मालकाचा, गळती किंवा ओल केव्हाही आढळल्यास लेखी कळवल्यापासून 15 दिवसांत मालक दुरुस्त करेल, न केल्यास लायसन्सी बिल दाखवून ती रक्कम मासिक शुल्कातून वळती करेल. एजंट म्हणेल की फॉरमॅट ठरलेला आहे. तसं नसतं. नोंदणी करून घेणं ही कलम 55 प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे, आणि ती केलेली नसेल तर उलटं सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. तक्रार फोनवर केली असेल तरी पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर तारीख, फोटो आणि काय हवं ते लिहा.

इमारतीच्या आवारातले डास, उंदरांची बिळं आणि साचलेलं पाणी यांसाठी महापालिकेकडे जा. मुंबईत 1916 वर तक्रार नोंदवता येते, कीटकनाशक विभागाची माणसं येऊन बघतात. घरातल्या घरात फ्रिजमागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासा. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो आणि त्याची अंडी कोरड्या भांड्याला महिनोन्‌महिने चिकटून राहतात, म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही.

ढेकणांचं घर सोडताना त्याच घरात कपडे धुऊन, वाळवून, बांधून पिशव्या बाहेर काढा. खोकी तिथेच टाका. पुस्तकं आणि चार्जर वेगळ्या बंद डब्यात भरा. नवीन घरी पहिले पंधरा दिवस गादी जमिनीवर टाकू नका, आणि रोज सकाळी तिच्या शिवणीवरून टॉर्च फिरवा.