शनी, सालदार आणि बी. बी. किंग

माणसाला छंद असावा, हे आपल्याकडे सर्वांना मान्य असते; फक्त तो एकच असावा आणि त्याचे नाव सांगितल्यावर समोरच्याला पुढे काही विचारावे लागू नये, एवढीच अपेक्षा असते. माझ्या बाबतीत ही सोय नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरात वाढलेला मी अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांचे ब्लूज ऐकतो, त्या ब्लूजवर पोसलेले रॉक ऐकतो आणि रात्री उशिरा मानसशास्त्रीय ज्योतिषावरची पुस्तके वाचत बसतो, असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी कुतूहल आणि मागोमाग काळजी दिसू लागते. पुरोगामी मित्रांना माझ्या ज्योतिषाचा संकोच वाटतो आणि पंचांग पाहिल्याशिवाय बैलजोडीही न घेणाऱ्या नातेवाइकांना माझ्या गिटारचा. या तिन्हींचा आपसांत संबंध काय, हे मला अनेकदा विचारले गेले आहे. बराच काळ माझ्याकडे उत्तर नव्हते. आता एक आहे, पण त्यासाठी थोडे मागून यावे लागते.

आधी रॉक आले. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत राहणाऱ्या मावसभावाकडे मुंबईहून कॅसेटी येत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, बाहेर उन्हाने पत्रे तडतडत असताना, आम्ही दारे लावून त्या ऐकत असू. इंग्रजी शब्द फारसे कळत नसत आणि त्यामुळे काही अडतही नसे. ब्लॅक सबाथ या रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावलेला कामगार होता, प्लॅस्टिक वितळवून केलेल्या टोपणांनी तो तारा दाबत असे आणि बोटांना त्रास कमी व्हावा म्हणून त्याने पुढे तारा सैल केल्या, हे नंतर वाचले तेव्हा तो घनगंभीर आवाज एकदम समजला. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, बोटे गेलेली माणसे आमच्या भागातही पाहिलेली होती; त्यांच्यापैकी कोणाच्या हातात कोणी गिटार दिली नव्हती, इतकेच.

लेड झेपेलिन या रॉक बँडच्या १९६९ सालच्या पहिल्याच अल्बममध्ये दोन गाण्यांखाली विली डिक्सन असे नाव होते. हा त्या चौघांपैकी कोणीच नव्हता. तो मिसिसिपीत जन्मलेला, शिकागोत स्थिरावलेला ब्लूजचा गीतकार होता आणि याच बँडच्या दुसऱ्या एका गाण्यात आपले शब्द नाव न देता वापरले म्हणून त्याने १९८५ मध्ये दावा दाखल केला होता, जो पुढे तडजोडीने मिटला. रोलिंग स्टोन्सने तर आपले नावच मडी वॉटर्स या ब्लूज गायकाच्या १९५० सालच्या एका गाण्यावरून घेतले होते. म्हणजे मी ज्याला गोऱ्या पोरांचे संगीत समजत होतो, ते दुसऱ्याच कोणाच्या शेतातले पीक होते. मग मी त्या शेताकडे निघालो, आणि तिथे कापूस होता.

ब्लूजमध्ये मला सर्वांत आधी ओळखीचा वाटला तो त्यातला हिशेब. मिसिसिपीच्या डेल्टा भागात गुलामगिरी संपल्यानंतरही काळा शेतकरी मळेवाल्याच्या जमिनीवर अर्ध्या वाट्याने कापूस पिकवत असे. बियाणे, पीठ, कपडे हे सारे मळ्यावरच्याच दुकानातून उधारीवर मिळे, आणि वर्षाअखेरीस मालकाच्या वहीत मालकाच्याच हाताने लिहिलेला हिशेब झाला की बहुतेकदा शेतकऱ्याच्याच अंगावर बाकी निघे. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचे, साल ठरते, तो उचल घेतो, आणि पुढच्या आखाजीला उचल फिटलेली नसते. दोन्ही दुःखे एकच आहेत असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. गुलामगिरी आणि त्यानंतरचे वर्णभेदी कायदे ज्याच्या पाठीवरून गेले त्याचे दुःख त्याचेच आहे, आणि आमच्याकडच्या जातीच्या हिशेबाला तर वेगळीच वही लागेल. पण बी. बी. किंग हा ब्लूजचा गायक-गिटारवादक ऐकत असताना एकदा आप्पा दारात थबकले आणि एकही शब्द न कळता म्हणाले, "हा कोणाचा तरी देणेकरी दिसतो." किंग तरुणपणी मिसिसिपीत कापूस वेचत होता आणि मळ्यावर ट्रॅक्टर चालवत होता, हे आप्पांना ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

हा धागा वाटतो त्याहून जुना आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेतला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, मुंबईत भाव भडकले आणि खानदेशच्या काळ्या जमिनीला सोन्याचे दिवस आले. १८६५ मध्ये युद्ध संपताच ते भाव कोसळले. तिकडे गुलाम मुक्त होत असताना इकडे आमच्या खापरपणजोबांच्या पिढीची चांदी झाली आणि मग धूळधाण झाली. कीडसुद्धा दोघांच्या वाट्याला आली. बोंडात घुसणारा एक सोंडवाला भुंगेरा मेक्सिकोतून टेक्सासमार्गे दक्षिणेत पसरला आणि त्याने एवढा उच्छाद मांडला की चार्ली पॅटन या ब्लूज गायकाने १९२९ मध्ये त्याच्यावर गाणे ध्वनिमुद्रित केले. आमच्या गुलाबी बोंडअळीवर शासकीय परिपत्रके पुष्कळ निघाली. गाणे अजून माझ्या ऐकण्यात नाही.

ब्लूजचा साधा आकृतिबंध असा की गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत यमक जुळवून गोष्ट पुरी करतो; हे सारे बारा बारमध्ये, म्हणजे तालाच्या बारा आवर्तनांत. दुसऱ्यांदा तीच ओळ येते तेव्हा गायकाला तिसरी सुचायला सवड मिळते आणि ऐकणाऱ्याला पहिली मनात मुरवायला. जात्यावर ओवी रचणाऱ्या बाईलाही हीच सवड हवी असते आणि ती तिला जात्याच्या फेऱ्यात मिळते. सुरांचेही तसेच आहे. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या ज्या जागेत ब्लूजचा जीव असतो ती पियानोच्या पट्ट्यांवर सापडत नाही म्हणून तिकडच्या अभ्यासकांना तिचे फार कौतुक. दरबारीचा आंदोलित गंधार ऐकत वाढलेल्या कानाला ती जागा शोधावी लागत नाही. मडी वॉटर्स १९४३ मध्ये मळा सोडून शिकागोला गेला आणि शहराच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना म्हणून तिला वीज जोडली गेली. तापी रेल्वेने सुरतेला गेलेल्या आमच्या माणसांची अहिराणी गाणीही कीबोर्ड आणि भोंग्यांसकट लग्नाच्या वरातीत परत आली. त्यांना नाके मुरडणाऱ्यांनी एकदा शिकागोचा इतिहास वाचावा, असे मला नेहमी वाटते.

याच ब्लूजमध्ये मला ज्योतिषाचे दार दिसले. रॉबर्ट जॉन्सन हा १९११ साली जन्मलेला आणि १९३८ मध्ये गेलेला गवई. त्याने १९३६ आणि १९३७ मध्ये मिळून अवघी २९ गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि एवढ्यावर सारे रॉक त्याचे ऋणी आहे. चौरस्त्यावर मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून त्याने वादन मिळवले, अशी आख्यायिका आहे. खरे पाहता त्याने आईक झिमरमन नावाच्या वादकाकडे बसून, रात्री स्मशानात सराव करून हात तयार केला होता. तिथे म्हणे कोणाची तक्रार येत नसे. पण कष्टांपेक्षा सैतानाची गोष्ट लोकांना अधिक पटली. (जळगावच्या अजिंठा चौफुलीवर तो सैतान भेटला असता, तर ट्रकांच्या हॉर्नमध्ये करारच ऐकू आला नसता.) जे घडले त्याला चेहरा द्यावा, नाव द्यावे, मग ते सैतानाचे असो की शनीचे, ही माणसाची ओढ मला तिथे उघडी दिसली.

शनी आमच्या घरात पाहुण्यासारखा नसून कुटुंबीयासारखाच होता. दाते पंचांग खुंटीला टांगलेले असे आणि पीक बुडो, म्हैस आटो की मुलगा नापास होवो, कोणाची तरी साडेसाती चालूच असे. ज्योतिषाची खानदेशाशी सोयरीक तशी फार वरच्या पातळीवरची आहे. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसरातल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चंगदेव, जो यादव राजा सिंघणाचा राजज्योतिषी होता, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. साल शके ११२८. ज्या डोंगराच्या पायथ्याशी सिद्धांतशिरोमणी शिकवला गेला, त्याच डोंगराकडे पाहत आम्ही साडेसातीचे तेल वाहत होतो.

मानसशास्त्रीय ज्योतिष हे याहून वेगळे प्रकरण आहे. डेन रुड्यार या पॅरिसमध्ये जन्मलेल्या माणसाने १९३६ मध्ये त्याची पायाभरणी करणारे पुस्तक लिहिले. तो मुळात संगीतकार होता, हे कळल्यावर मला कोण आनंद झाला. पुढे लिझ ग्रीनने १९७६ मध्ये शनीवर लिहिताना त्याला यमदूताच्या भूमिकेतून सोडवले. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून तो तिशीच्या उंबरठ्यावर आपल्या जन्मस्थानी परत येतो, आणि तोवर ज्या मर्यादा आपण नाकारत आलो त्यांच्याशी गाठ पडते, असे ही मंडळी सांगतात. पुढे काय होईल हे ती सांगत नाहीत. तुम्ही काय टाळत आहात, असे विचारतात. तिथेही घोटाळे आहेतच. पाश्चात्त्यांच्या सायन आणि आपल्या निरयन राशिचक्रांत आज सुमारे २४ अंशांचा फरक असल्याने पाश्चात्त्य पुस्तकात माझा सूर्य सिंहेत दिमाखाने बसतो आणि आपल्या पंचांगात तो कर्केत जाऊन हळवा होतो. दोन्ही वर्णने मला तितकीच लागू पडतात, आणि खरी मेख इथेच आहे.

१९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या स्वभावाचे म्हणून वर्णन दिले आणि ते कितपत जुळते ते विचारले. पाचपैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले. वर्णन सर्वांना एकच होते, आणि त्यातली वाक्ये त्याने ज्योतिषाच्या एका बाजारी पुस्तकातून घेतली होती. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतरांसह कुंडल्यांची चाचणी घेतली. हुशार मुले कोणती आणि मतिमंद कोणती हे ओळखायचे होते. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांच्या यशाचे प्रमाण ४६ टक्के निघाले, म्हणजे नाणे उडवले असते तरी एवढेच जमले असते. या चाचण्यांशी माझे भांडण नाही. कुंडली भविष्य सांगते असे मी मानत नाही, स्वभाव सांगते असेही सिद्ध झालेले नाही, आणि तरीही मी ती पुस्तके वाचतो.

याचे कारण मला ब्लूजने दिले. सकाळी उठलो, ती निघून गेली होती, खिशात पैसा नाही, गाडी स्टेशनातून सुटली: ब्लूजच्या ओळी अशा कोणालाही लागू पडणाऱ्या असतात. फोररने त्यांची चाचणी घेतली असती तर पाचपैकी पाच मिळाले असते. चाळीसगावच्या फलाटावर कोणाला तरी सोडून आलेल्या माणसाला मिसिसिपीचे गाणे आपले वाटते ते याच युक्तीने, आणि तिथे आपण तिला फसवणूक म्हणत नाही, कारण गाणे कोणतेही भाकीत करत नाही आणि मुहूर्ताचे पैसे मागत नाही. सर्वांना लागू पडणारे वाक्य समोर आले की माणूस त्यात आपला तपशील भरू लागतो. जो भरतो तो त्याचा स्वतःचा, खराखुरा असतो. मानसशास्त्रीय ज्योतिष मी असेच वाचतो, गाण्याच्या कपाटात ठेवून. बारा बार आणि कुंडलीची बारा घरे हा योगायोगही मला दिसतो, पण त्यावर मी काही उभारत नाही. अशा योगायोगांवर भाळण्याची सवय ज्योतिष लावते आणि फोरर मोडतो.

आमच्या भागात हा निवाडा आधीच एका बाईने करून ठेवला आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी ऐन उमेदीत विधवा झाल्या, आणि त्यांनी ज्योतिष्याला सुनावले की माझ्या दारी येऊ नकोस, हात पाहू नकोस, माझे दैव मला कळते. हातावरची धनरेखा तर चिरा पडून फाटल्याचे त्या सांगतात, जे कपाशी वेचणाऱ्या कोणत्याही बाईच्या हाताचे अचूक वर्णन आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, टिपून घेतल्या, आणि १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्यानंतर पुढच्या वर्षी त्या ओव्या छापून आल्या. मडी वॉटर्सचा आवाज लोकसंगीताचा संग्राहक ॲलन लोमॅक्स याने मळ्यावर जाऊन १९४१ मध्ये मुद्रित केला, त्याच्या आसपासच्याच काळात जळगावकडची ही वही भरत होती. हे दोन्ही आवाज एकाच कपाटात ठेवायला मला कधी अडचण वाटली नाही.

अर्थात नातेवाइकांना कपाटाशी कर्तव्य नसते. मी ज्योतिष वाचतो एवढेच कानावर गेल्याने गेल्या हिवाळ्यात, कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत असताना, मोठ्या मायने पुतणीच्या स्थळाची पत्रिका माझ्यापुढे धरली. मी तिला कार्ल युंगची हकिकत सांगितली. या मोठ्या मानसशास्त्रज्ञाने १९११ मध्येच फ्रॉइडला पत्रातून कळवले होते की आपल्या संध्याकाळी ज्योतिषात जातात, आणि पुढे त्याने विवाहित जोडप्यांच्या पत्रिका ताडून पाहिल्या. पहिल्या १८० जोडप्यांत सूर्य-चंद्राचे मेळ झकास दिसले, पण आकडा ४८३ वर नेला तेव्हा ते सारे विरून गेले, आणि हे त्याने स्वतःच प्रामाणिकपणे मांडले. मोठ्या मायने वांगे परतले, सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मंग नांदन्यात कितल्या?" युंगने फक्त लग्न झालेली जोडपी घेतली होती, नांदली की नाही हे तपासलेच नव्हते, असे मी सांगितले. त्यावर तिने पत्रिका माझ्या हातातून काढून घेतली आणि मुलाला शेती किती, विहिरीला पाणी आहे का, याची चौकशी करायला मुलाच्या मामाला फोन लावायला सांगितला.