लेटन बझर्ड: वाळूच्या रुळांवरची सिम्प्लेक्स इंजिनं

इंग्लंडमधल्या लेटन बझर्ड गावात वाळू वाहण्यासाठी टाकलेली एक छोटी रेल्वे आहे, आता तिच्यावर प्रवासी गाड्या चालतात. लंडनच्या युस्टन स्थानकातून लेटन बझर्डला थेट गाड्या आहेत. जलद गाडीने अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. मात्र मोठं स्थानक गावाच्या एका टोकाला आणि छोट्या रेल्वेचं पेजेस पार्क स्थानक दुसऱ्या टोकाला, मध्ये साधारण तीन किलोमीटर. चालत पाऊण तास धरा, नाहीतर टॅक्सी करा. रविवारी बसवर विसंबू नका. आणखी एक सावधगिरी: या रेल्वेच्या शेवटच्या स्थानकाचं नाव स्टोनहेंज वर्क्स. इथे पूर्वी विटांचा कारखाना होता. विल्टशरमधल्या प्रसिद्ध शिळावर्तुळाशी याचा संबंध नाही, त्यामुळे नकाशात नुसतं ‘स्टोनहेंज’ टाकलंत तर भलतीकडेच पोहोचाल.

गावाभोवतीच्या खाणींतली वाळू ओतशाळांना आणि काचेला चालणारी. आपल्याकडच्या स्थापत्य प्रयोगशाळांत सिमेंट तपासायची प्रमाणित वाळू म्हणजे तमिळनाडूतल्या एन्नोरची, तसं ब्रिटनमध्ये लेटन बझर्डचं नाव. पहिल्या महायुद्धात बेल्जियमची वाळू बंद झाली, इथली मागणी वाढली आणि वाळूच्या वाहतुकीने रस्त्यांची चाळण केली. म्हणून १९१९ मध्ये दोन फूट अंतराच्या रुळांची ही रेल्वे सुरू झाली, तीही बरीचशी युद्धातून उरलेल्या सामानावर. सुरुवातीला दोन वाफेची इंजिनं होती, पण वाळू त्यांच्या फिरत्या भागांत शिरे. काही वर्षांतच ती गेली आणि सगळा भार बेडफर्डच्या मोटर रेल कंपनीच्या ‘सिम्प्लेक्स’वर आला. ही इंजिनं आधी पेट्रोलवर चालत, पुढे डिझेलवर.

गाड्या मुख्यतः मार्च ते ऑक्टोबर या हंगामात रविवारी आणि काही सुट्ट्यांना असतात. निघण्यापूर्वी वेळापत्रक बघाच. त्या दिवशी कुठलं इंजिन जोडणार तेही विचारून घ्या, कारण आता प्रवासी गाड्यांच्या बऱ्याच फेऱ्या वाफेच्या इंजिनांवर असतात. जाऊन-येऊन साधारण सव्वा ते दीड तास लागतो. रूळ आता नव्या वसाहतींच्या मधून जातात, रस्ते ओलांडतात. चढ काही ठिकाणी २५ ला १ इतका तीव्र आहे. पानगळीत किंवा पावसात इथे चाकं घसरतात आणि चालकाला रुळांवर वाळू सोडावी लागते. गाडीला सिम्प्लेक्स जोडलेलं असेल तर त्या वेळी इंजिनाचा आवाज नीट ऐका. फेरे एकदम वाढले पण गाडी तिथेच राहिली, तर चाकं घसरली. फेरे पडत गेले तर वजन झेपत नाही, खालचा गिअर हवा.

स्टोनहेंज वर्क्सला गाडी थांबली की लोक वाफेच्या इंजिनाभोवती जमतात. यार्डात उभं सिम्प्लेक्स दिसलं तर आधी तिकडे जा. काय बघायचं? पहिलं म्हणजे चालकाचं आसन. तो रुळांना आडवा बसतो, म्हणजे मान वळवली की दोन्ही दिशा दिसतात. डबे जागेवर लावत दिवसभर पुढे-मागे करणाऱ्या शंटिंग इंजिनाला याहून सोयीची बैठक नाही. मग गिअरबॉक्स. डिक्सन-ॲबट पद्धतीच्या या पेटीत दोन वेग आहेत आणि दोन्ही वेग दोन्ही दिशांना मिळतात. दिशा बदलायची तर गाडी पूर्ण थांबवूनच. चालत्या गाडीत दांडा ढकलला की दाते तुटतात. खाली वाकून बघा: गिअरबॉक्सकडून चाकांच्या आसांकडे साखळ्या जातात. वाळूच्या खाणीत सगळ्यात आधी झिजायची ती हीच जागा. तेलावर वाळू चिकटते, तिची कानस होते, साखळी लांबते आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे साखळी ज्यावर फिरते त्या चाकाचे, दाते आकड्यासारखे वाकतात. नुसती नवी साखळी घालून भागत नाही. जुने दाते तिलाही लवकर खातात, म्हणून दोन्ही एकत्र बदलावे लागतात.

लहान सिम्प्लेक्समध्ये डॉर्मन कंपनीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि वजन अडीच टनांपासून. जास्त पकड हवी असेल तर सांगाड्याला ओतीव लोखंडाची वजनं बोल्टने जोडत. सुरू करण्याचं प्रात्यक्षिक मिळालं तर चुकवू नका. तेल-पाणी तपासायचं, डिकम्प्रेशनचा दांडा उचलायचा म्हणजे सिलिंडरमध्ये दाब बसत नाही, हँडल मारून वेग घ्यायचा आणि मग दांडा खाली टाकायचा. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, तो बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट वाचतं.

१९६०च्या दशकात वाळूची वाहतूक लॉऱ्यांकडे गेली, आणि १९६८ पासून स्वयंसेवकांनी या रुळांवर प्रवासी गाड्या चालवायला घेतल्या. बेकार झालेल्या अशा इंजिनांचं काय होतं? बरीचशी भंगारात जातात. उघड्यावर राहिलेल्यांना मारते ती थंडी: पाणी न काढता इंजिन उभं ठेवलं की बर्फ होऊन ब्लॉक किंवा रेडिएटर फुटतो. म्हणून पडीक सिम्प्लेक्स विकत घेणारा माणूस रंगाकडे बघत नाही. ब्लॉकच्या बाजूंना बारीक तडा शोधतो, मग हँडल फिरतं का ते बघतो. सांगाडा, चाकं आणि गिअरबॉक्स शाबूत असतील तर बाकीचं जुळवता येतं. सिम्प्लेक्सचा धंदा १९८७ मध्ये ॲलन कीफ कंपनीकडे गेला. वाचलेली इंजिनं आता रुळांची खडी वाहतात, डबे लावतात, वाफेचं इंजिन बिघडलं तर मदतीला धावतात. मला तरी हे काम प्रदर्शनात उभं राहण्यापेक्षा कितीतरी मानाचं वाटतं.

पायात बंद बूट घाला, खडी टोकदार आहे. यार्डात परवानगीशिवाय रूळ ओलांडू नका. डिझेलचे आणखी नमुने बघायचे असतील तर दक्षिणेला वेस्ट ससेक्सचं ॲम्बर्ली संग्रहालय किंवा स्टॅफर्डशरची ॲपडेल रेल्वे गाठा. ॲपडेलला पहिल्या महायुद्धातल्या खंदक-रेल्वेचा, म्हणजे आघाडीच्या खंदकांपर्यंत सामान नेणाऱ्या रेल्वेचा, भाग विशेष बघण्यासारखा आहे. सिम्प्लेक्सचा जन्म त्याच कामासाठी झाला. या ठिकाणांना एकेक पूर्ण दिवस द्या, लेटन बझर्डसोबत एकाच दिवसात जमत नाही.