पहिल्या भेटीत नेमके काय होते?

परवा लिफ्टमध्ये शेजारचे गृहस्थ तिसऱ्या मजल्यावर उतरल्यानंतर तुम्ही आवाज खाली आणून विचारलेत, "समुपदेशकाकडे पहिल्या दिवशी नेमके काय करतात हो?" गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, आणि बहुतेकांनी असाच, कोणी ऐकत नाही ना याची खात्री करून. चार मजले चढेपर्यंत त्याचे उत्तर देता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

आवाज का खाली येतो, हे मला ठाऊक आहे. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे आणि "याला ठाण्याला पाठवा" हे वाक्य ऐकतच आपली पिढी मोठी झाली. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आय.पी.एच. ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था सुरू केली, तिचे कार्यक्रम मी सभागृहात बसून मनापासून ऐकले होते. तरीही स्वतःवर वेळ आली तेव्हा नौपाड्यातल्या एका इमारतीचा जिना चढायला मला आठ महिने लागले. आई गेल्यापासून रोज पहाटे तीनला जाग येत होती आणि पुन्हा डोळा लागत नव्हता.

पहिली दहा मिनिटे एक फॉर्म आणि संमतीपत्र भरण्यात गेली. मग समुपदेशक बाईंनी गोपनीयतेचा अर्थ समजावून सांगितला: येथे बोललेले येथेच राहील, मात्र माझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती समोर आली, तर त्यांना गप्प बसता येणार नाही, २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती कळवणे बंधनकारकच आहे. हे त्यांनी स्वतःहून सांगितले नाही तर तुम्ही विचारा. फी आणि भेट रद्द करण्याचे नियमही त्याच वेळी विचारून घ्या. पुढे झोप, भूक, चालू औषधे, घरातील आजारपणे असे प्रश्न आले आणि त्याच सुरात, "जीव नकोसा वाटतो का?" हाही प्रश्न आला. तो ऐकून दचकू नका. असे विचारल्याने तो विचार कोणाच्या मनात पेरला जात नाही, आणि उत्तर 'हो' असेल तर ते सांगण्यासाठी याहून योग्य जागा नाही.

नंतर त्या म्हणाल्या, "आता तुम्हाला हवे तेथून सुरुवात करा." आणि मी सोसायटीच्या पाण्याबद्दल बोलू लागलो. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना टँकर म्हणजे काय हे सांगायला नको. त्या वर्षी टँकरच्या खर्चावरून आमच्याकडे तीव्र वाद झाला होता, आणि मी अर्धा तास तेवढेच सांगत राहिलो. त्यांनी एकदाही अडवले नाही. बाहेर पडलो तेव्हा पैसे वाया गेले असे वाटले आणि अंग मात्र दिवसभर ओझी वाहिल्यासारखे दमले होते. हा थकवा अनेकांना येतो. त्या दिवशी लगेच कामाला धावायचे नाही, एवढी सोय शक्य असेल तर ठेवा.

मला सल्ला हवा होता. तो मिळाला नाही. दर आठवड्याला पाऊण तास त्या ऐकत, मध्येच एखादा प्रश्न विचारत आणि घरी करण्यासाठी काही देत: जाग आल्यावर मनात आलेले पहिले वाक्य वहीत लिहायचे, एवढेच. चौथ्या भेटीत वही पाहून त्यांनी विचारले, "पाण्याच्या त्या सभेला तुम्ही परत गेलात का?" मी गेलो नव्हतो. आईला अस्वस्थ वाटू लागले त्या संध्याकाळी मी त्याच सभेत भांडत होतो आणि खिशातला फोन बंद होता, हे मी तोपर्यंत पत्नीलाही सांगितले नव्हते. म्हणजे पहिल्या दिवशी मी विषय सोडून बोललोच नव्हतो. त्यामुळे काय बोलायचे याची तयारी करून जावे लागते, असे मी आता कोणालाही सांगत नाही.

समुपदेशक औषधे लिहून देत नाहीत. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात, आणि त्यात कमीपणा नाही. तीन-चार भेटींनंतरही तुमचे ऐकले जात नाही, नुसते उपदेश केले जातात असे वाटले, तर तसे स्पष्ट सांगा आणि जमले नाही तर दुसरीकडे जा. एवढा धीर धरवत नसेल, रात्रीच कोणाशी तरी बोलायचे असेल, तर २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत उपलब्ध आहे.

माझ्या भेटी पुढे पंधरवड्याला एक झाल्या आणि सात महिन्यांनी थांबल्या. तीनला अजूनही कधी कधी जाग येते. सोसायटीच्या सभेला मी आता जातो. फोन चालू असतो आणि तो समोर टेबलावर ठेवतो.