तुम्ही विचारलेत म्हणून: सेंद्रिय गूळ आणि त्याचा दुप्पट भाव

“वहिनी, खरं सांगा, एवढे पैसे मोजण्यासारखं त्यात काही असतं का?” गेल्या अकरा वर्षांत हा प्रश्न मला प्रदर्शनातल्या टेबलासमोर, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर डॉक्टरांकडे नंबर लावून बसले असताना शेजारच्या बाकावरूनही विचारला गेला आहे. विचारणारा गिऱ्हाईक असेल तर मी एक उत्तर देत असे, नातेवाईक असेल तर दुसरे, आणि शेतकरी असेल तर विषय बदलत असे. तिन्ही उत्तरे खोटी नव्हती. पण तिन्ही एकत्र ठेवली तर एकमेकांशी जुळत नाहीत, हे मला बरेच दिवस माहीत आहे. म्हणून एकदाच लिहून टाकते.

आमचे गुऱ्हाळ करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या पाण्याला फार लांब नाही अशा जागी आहे. गूळ कसा होतो हे तुम्हाला सांगायला नको. सांगायला हवे ते एवढेच, की तुम्ही ‘सेंद्रिय गूळ’ म्हणता तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात बांधता. एक रसायन शेतात जाते आणि दुसरे काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत. भेंडीच्या पाण्याने मळी काढलेला, हायड्रोस (गुळाचा रंग उजळवणारी गंधकयुक्त पावडर) न घातलेला गूळ ‘केमिकलमुक्त’ म्हणता येईल. पण तो ज्या उसाचा झाला त्याला युरियाची पोती आणि तणनाशकाचे दोन हात मिळालेले असू शकतात. असा गूळ वाईट नव्हे, मात्र तो सेंद्रियही नव्हे. आम्ही दोन्हीकडे रसायन बंद केले. उसासारख्या पिकासाठी जमिनीचा रूपांतर काळ, म्हणजे रसायन बंद केल्यापासून माल सेंद्रिय म्हणता येईपर्यंतचा काळ, दोन वर्षांचा धरतात. त्या दोन वर्षांत एकरी 52 टनांवरून आम्ही 33 टनांवर आलो आणि माल मात्र साध्याच भावाने विकला. पुढे ताग गाडून, पाचट न जाळता कुजवून आम्ही 41 टनांपर्यंत चढलो, त्यापुढे नाही. तुम्ही जो जास्तीचा पैसा देता त्यातला मोठा भाग गांडूळखताला किंवा जीवामृताला जात नाही, तो भांगलणीला जातो. तणनाशक न मारलेल्या उसात बायका तीन-तीनदा भांगलतात आणि त्यांची मजुरी रोजच्या रोज द्यावी लागते. भाव कशाचा, असे कोणी विचारले तर हे उत्तर मी कोणापुढेही मान वर करून देते.

प्रकृतीचा प्रश्न आला की माझी मान तेवढी वर राहत नाही. सुरुवातीच्या वर्षी मी स्वतः एक पत्रक छापून घेतले होते. त्यावर ‘विषमुक्त’ होते, ‘रोगमुक्त’ होते, आणि मधुमेह असलेल्यांनीही निर्धास्त खावा असेही एक वाक्य होते, जे आज वाचताना कानशिले तापतात. गूळ सेंद्रिय असो वा नसो, त्यात बहुतांश साखरच असते आणि रक्ताला तिचे प्रमाणपत्र वाचता येत नाही. पत्रक लिहिणारी मी तेव्हा खोटे बोलत नव्हते. मला ते खरे वाटत होते, आणि खरे वाटावे यात माझा धंदा होता. या दोन गोष्टी वेगळ्या काढणे मला आजही जमत नाही. गिऱ्हाइके मला दोन बाजूंचे अभ्यास पाठवत असतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2012 मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास तपासून सांगितले की, सेंद्रिय अन्न ठळकपणे अधिक पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा नाही, मात्र त्यात कीटकनाशकांचे अंश सापडण्याची शक्यता कमी असते. न्यूकॅसल विद्यापीठाच्या गटाने 2014 मध्ये 343 अभ्यासांवरून सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी असल्याचे मांडले. पहिला अभ्यास पाठवणारा माझ्याकडून गूळ घेत नाही आणि दुसरा पाठवणारा आधीपासूनच घेत असतो. अभ्यास वाचून मत बदललेले गिऱ्हाईक मला अजून भेटलेले नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हे लिहायला बसले, ती सांगते.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला आणि आमचा ऊस नऊ दिवस पाण्यात उभा राहिला. पाणी ओसरल्यावर शेंड्यापर्यंत गाळ होता. पुरात बुडालेल्या उसाचा गूळ नीट येत नाही, हे गुऱ्हाळवाल्याला कोणी शिकवावे लागत नाही. रस पातळ येतो, गूळ लवकर घट्ट होत नाही, रंग काळपट आणि अंग चिकट. तरीही नोव्हेंबरअखेर चुलवाण पेटवले, कारण उसाला दुसरी वाट नव्हती. पहिल्या आठवड्याचा गूळ गिऱ्हाइकांकडे गेला आणि संदेश येऊ लागले. यंदा माती घातलीत का, चहात टाकला तर चहा गढूळ दिसतो, मुले हात लावत नाहीत. वर्षानुवर्षे मला शुद्धतेची महती सांगणारी हीच माणसे होती. मी ते संदेश काहिलीपाशी उभी राहून मोठ्याने वाचून दाखवले. चिडून वाचले, गिऱ्हाइकांवर चिडून. पण ऐकणारा आमचा गुळव्या होता, याचा विचार मी केला नाही.

तो वीस वर्षे आमच्याकडे होता. पाक कधी उतरवायचा ते तो फुग्यांवरून ओळखायचा, थर्मामीटरचे नाव काढले की हसायचा. पुढच्या आठवड्यात गुळाला रंग आला. अगदी बाजारचा पिवळा नव्हे, पण मधासारखा, तुकडा उजेडात धरावा असा. मी फोटो काढले आणि सगळ्यांना पाठवले. ‘वरच्या शेतातला ऊस लागला, तो पाण्यात कमी होता’ असे स्पष्टीकरणही मीच शोधले आणि मीच त्यावर विश्वास ठेवला. अकरा दिवस, रोज दोन आधणे, म्हणजे दोनदा काहिलभर रस, आणि सुमारे तीन टन गूळ. दोनशेवर घरांत तो गेला आणि त्या वर्षी जेवढे कौतुक झाले तेवढे त्याआधी किंवा त्यानंतर कधी झाले नाही.

रोजच्या गुळाचा एक खडा तारखेची चिठ्ठी लावून काचेच्या बरणीत ठेवण्याची माझी सवय आहे. जानेवारीअखेर फडताळ पुसताना दिसले की त्या अकरा दिवसांचे खडे इतरांपेक्षा जास्त काळवंडले आहेत, आणि तेही मातकट, मेलेल्या रंगाने. मी बरणी मामंजींकडे नेली. त्यांनी खडा मोडला, खिडकीपाशी नेला, नाकाशी धरला आणि एकच शब्द उच्चारला: “हायड्रोस.” त्यांना ओळखू येणारच होते. गूळ सौद्यात उभा करायचा तर रंगावरच भाव ठरत असे, म्हणून त्यांनी तीस वर्षे स्वतः तो घातला होता. हायड्रोसने आलेला उजळपणा उसना असतो, साठवणीत तो उतरतो.

गुळव्याने नाकारले नाही. “आधणाला चिमूटभरच टाकली, वहिनी,” तो म्हणाला. “तुम्ही ते वाचून दाखवलं तवा मला कसं झालं असंल? काळा गूळ बघून लोक तुमच्या पाटीला नाव ठेवत न्हाईत, माझ्या हाताला ठेवत्यात.” मी त्याला खूप बोलले. त्यातले अर्धे मी स्वतःलाच ऐकवायला हवे होते.

तो गूळ मी प्रयोगशाळेत तपासून घेतला. हायड्रोस घातला की गुळात सल्फर डायऑक्साइडचा अंश उरतो, आणि अन्नसुरक्षेच्या नियमात त्याची मर्यादा 70 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 70 भाग, आहे. आमचा आकडा तिच्या बराच आत होता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो गूळ खायला योग्यच होता. तो अहवाल हातात घेऊन मी चार दिवस गप्प बसले. घरचे म्हणाले की कोणाला काही झालेले नाही, निम्म्याहून जास्त गूळ खाऊनही संपला असेल, आता उकरून काय मिळवणार? हे चार दिवस मी कोणाला सांगत नसे, आज सांगते आहे. पाचव्या दिवशी सर्वांना कळवले आणि पैसे परत देऊ केले. आमच्या प्रमाणीकरण गटातही सांगितले. त्या हंगामातला उरलेला गूळ सेंद्रिय म्हणून विकायचा नाही असे ठरले, ते योग्यच होते. (वरच्या अंगाच्या सगळ्या शेतांवरून नऊ दिवस वाहून आलेल्या पाण्याचे काय, हे मात्र त्या बैठकीत कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.)

31 घरांनी पैसे मागितले. बहुतेकांनी उत्तरच दिले नाही. तिघांनी लिहिले की, चव फार छान होती, तसलाच पुन्हा मिळेल का? आणि एका निवृत्त शिक्षिकांनी, ज्या पहिल्या वर्षापासून गूळ नेत होत्या, फोन केला. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “बाई, मला एवढंच सांगा. गूळ तुमच्या डोळ्यांसमोर झाला, तुम्ही तो रोज चाखलात, फोटो काढलेत, आणि अकरा दिवस तुम्हाला कळलं नाही. मग मला माझ्या स्वयंपाकघरात कसं कळणार होतं? आणि कळणारच नसेल, तर मी पैसे कशाचे देत होते?” त्यानंतर त्यांनी गूळ घेतला नाही.

या प्रश्नाशी मी गेली कित्येक वर्षे भांडते आहे. कधी मी म्हणते की, जे जिभेला कळत नाही ते नसतेच असे थोडेच आहे. तणनाशक न मारलेली माती जिभेला कळत नाही, पण पाचट उचलले की खालची गांडुळे मला दिसतात. फवाऱ्याचा पंप पाठीवर न घेणाऱ्या गड्याची छाती तुमच्या चहात उतरत नाही, म्हणून ती हिशेबात धरायची नाही का? मग आतून दुसरी मी विचारते की, माती तुझी आहे, गडी तुझा आहे, त्यांचा खर्च गिऱ्हाइकाने त्याच्या प्रकृतीच्या भीतीपोटी का द्यावा, आणि ती भीती ज्या पत्रकाने घातली ते कोणी छापले? याला माझ्याकडे उत्तर नाही. इचलकरंजीच्या माझ्या नणंदेला, जिचे महिन्याचे गणित मला माहीत आहे, मी स्वतः सांगितले की, माझा गूळ घेऊ नकोस, जवळच्या गुऱ्हाळावर समोर उभी राहून हायड्रोस न घातलेला गूळ घे आणि वाचलेल्या पैशांत पोरांना डाळ आणि भाजी वाढव. तिने ते ऐकले नाही, माझाच गूळ मागितला, मात्र निम्म्या भावात. आणि दर हंगामाआधी मी भावाची पाटी रंगवते तेव्हा आकडा कमी करत नाही, कारण भांगलणीच्या बायकांची मजुरी कमी झालेली नाही.

तो गुळव्या पुढच्या वर्षी आला नाही. गुजरातला जाणारा पिवळाधमक गूळ तो आता दुसऱ्या गुऱ्हाळावर काढतो आणि त्याच्या हाताला तिथे मान आहे, असे ऐकते. बरण्या अजून फडताळात आहेत. गुऱ्हाळ पाहायला कोणी आले आणि तोच प्रश्न विचारला, की मी त्यांना 2019 च्या हंगामाची रांग दाखवते आणि यातला हायड्रोस न घातलेला गूळ कोणता ते ओळखा म्हणते. इतक्या वर्षांत खडे सगळेच काळवंडले आहेत, पण ते अकरा सर्वांत जास्त. शुद्ध गूळ काळा असतो हे आता सगळ्यांना ठाऊक झाले आहे. त्यामुळे बहुतेक जण त्या अकरांतल्याच एखाद्या बरणीवर बोट ठेवतात, आणि हाच दोन किलो बांधून द्या म्हणतात.