इंचाला फूट

जिना बिचारा थोडक्यात भागवतो. सहा इंच चढायला त्याला जेमतेम फूटभर जागा पुरते. व्हीलचेअरच्या उताराचा हिशोब मात्र ‘इंचाला फूट’. पेठेतल्या दुकानाला ६-६ इंचांच्या ३ पायऱ्या असतील, तर १८ फूट उतार हवा. शिवाय खुर्ची वळवायला वर आणि खाली ५-५ फूट सपाट जागा. झाले २८ फूट! पेठेत तेवढ्यात समोरच्याचा ओटा लागतो. मग ‘बसेल तसा’ उतार होतो, वर गुळगुळीत फरशी बसते आणि त्यावरून मजेत चढते ती फक्त स्कूटर.

हाच हिशोब जमिनीखाली नेला की डोळे फिरतात. फलाट २० फूट खाली म्हणजे २४० फूट उतार, त्यात दर ३० फुटांवर दम घ्यायला टप्पा. म्हणून लिफ्ट. आपल्या मंडईच्या किंवा कसबा पेठेच्या मेट्रो स्थानकात ती मुळात नकाशातच होती. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ची. तिथल्या जुन्या स्थानकांत ती मागाहून घुसवावी लागते. रस्त्याखाली पाण्याचे नळ, ड्रेनेज, केबली आधीच ठाण मांडून असतात. ते सगळं हलवायचं, मग खोदायचं. बरं, रूळ मधे आणि फलाट दोन बाजूंना असले, तर एका लिफ्टने भागत नाही. रस्त्यावरून तिकिटांच्या मजल्यापर्यंत एक, तिथून प्रत्येक फलाटाला एकेक, अशा तीन. पहिली बंद पडली की उरलेल्या दोन असून नसल्यासारख्या. स्थानकं व्हीलचेअरला खुली करा म्हणून अपंगांच्या संघटनांनी तिथे दावे लावले होते; त्यांच्या २०२२च्या तडजोडीत ९५ टक्के स्थानकांसाठी २०५५ची मुदत पडली, ती उगाच नव्हे.

अंधांना वाट दाखवणाऱ्या उठावाच्या फरशांचं काम त्यामानाने सोपं. उभ्या पट्ट्या म्हणजे चला, ठिपके म्हणजे थांबा. तरी पट्ट्यांची ओळ थेट खांबावर नेऊन भिडवणारे महाभाग असतातच.

खरी गंमत पावसाची. लिफ्टच्या तळाशी खड्डा असतो. रस्त्यावरचं पाणी त्यात उतरलं की लिफ्ट बंद. म्हणून वरचं दार रस्त्यापासून, समजा, ६ इंच उचलायचं. म्हणजे एवढं खोदून शेवटी दारात पुन्हा पायरी! तिला पुन्हा ६ फूट उतार. त्यावर स्कूटर चढू नये म्हणून कुणीतरी खांब रोवतं. व्हीलचेअरसाठी दोन खांबांत निदान ९० सेंमी सोडावे लागतात. स्कूटरचं हँडल साधारण ७० सेंमी.